श्वानाचे दुखणे आणि दहीभाताची वाटी

नामदेवांची ती कथा मराठी मुलुखात लहानथोरांच्या तोंडी आहे. पोळी तोंडात धरून कुत्रे पळाले आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. पोळी नेलीस ती ने, पण कोरडी खाऊ नकोस, एवढीच त्यांची विनवणी. सर्वांभूती ईश्वर पाहणाऱ्या संताची ही कथा आपण भक्तीच्या अंगाने ऐकतो, आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्यात एक निराळा प्रश्नही दडलेला आहे. कुत्र्याच्या मुखी काय पडावे याची काळजी माणसाने किती आणि कशी वाहावी? आजचा एखादा पशुवैद्य ही कथा ऐकून मनोमन हात जोडील आणि मग हळूच ती वाटी बाजूला ठेवील. एकाएकी पोटात गेलेली पुष्कळ स्निग्धता कित्येक कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सोसत नाही.

हा प्रश्न अत्यंत तीव्र होतो तो कुत्र्याला कर्करोग झाल्यावर. दहा-बारा वर्षे घरात वावरलेले जनावर. एके दिवशी त्याच्या अंगावर गाठ हाताला लागते, तपासणी होते, रोगाचे नाव कळते. शस्त्रक्रिया वैद्याच्या हाती, औषध वैद्याच्या हाती. आपल्या हाती राहते ती एक वाटी. म्हणून धन्याचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो : याला आता खायला काय घालू? या प्रश्नाच्या उत्तराला इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचे काही महत्त्वाचे धागे मद्रास शहरात आणि जुन्या मद्रास इलाख्यात सापडतात. मद्रासचे चेन्नई झाले १९९६ साली. त्यापूर्वीच्या गोष्टी सांगताना मी जुनेच नाव वापरतो.

तमिळ देशाशी मराठी माणसाचा संबंध तसा परका नाही. तंजावरचे सरफोजी राजे गादीवर येण्यापूर्वी काही वर्षे मद्रासला राहिले व तेथेच शिकले. १७९८ ते १८३२ या आपल्या कारकिर्दीत त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढविले हे सर्वश्रुत आहे. पण धन्वंतरी महाल नावाची जी वैद्यकशाळा त्यांनी चालविली, तिच्यात माणसांबरोबर जनावरांच्या औषधांचाही विचार होत असे, हे त्या मानाने थोड्यांना ठाऊक असते. राजेलोकांच्या पशुवैद्यकात मान होता तो हत्ती-घोड्यांना. कुत्रे दाराशी असे, उष्ट्यावर जगे, आणि आजारी पडले तर कोपऱ्यात जाऊन निजे.

इंग्रजी अमलातही फारसे निराळे घडले नाही. मुंबईत परळला १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. त्याच्या शेजारच्या रुग्णालयाला लोकांनी ‘बैलघोडा हॉस्पिटल’ हे नाव दिले, आणि त्या एका नावातच त्या काळच्या पशुवैद्यकाचा सारा अग्रक्रम आला. मद्रासचे महाविद्यालय १९०३ साली सैदापेठेत सुरू झाले आणि दोन वर्षांत वेपेरी भागात गेले. सरकारला चिंता होती ती नांगराच्या बैलाची आणि पलटणीच्या घोड्याची. मद्रास विद्यापीठाने १९३६ साली पशुवैद्यकाची पदवी सुरू केली, आणि या विषयातील पदवी देणारे हे महाविद्यालय देशात पहिले ठरले. पुढे १९८९ साली त्याच्याभोवती पशुवैद्यक शास्त्रांचे स्वतंत्र विद्यापीठ उभे राहिले. आज वेपेरीच्या त्या आवारात गेले तर बैल-घोडे शोधावे लागतात. बाकांवर बसलेली माणसे मांडीशी कुत्रे धरून बसलेली दिसतात. शंभर वर्षांत शहराने आपले जनावर बदलले.

आता रोगाकडे वळू. कर्करोगाच्या इतिहासात कुत्र्याचे स्थान फार जुने आहे. सेंट पीटर्सबर्गमधील नोविन्स्की या पशुवैद्याने १८७६ साली एका कुत्र्याच्या अर्बुदाचा तुकडा दुसऱ्या कुत्र्याच्या अंगी रुजवून दाखविला. अर्बुद एका देहातून दुसऱ्या देहात लावता येते, हे त्यातून प्रथम सिद्ध झाले. हे अर्बुद विलक्षणच आहे. ते समागमातून पसरते, आणि पसरतो तो कोणी जंतू नव्हे, तर अर्बुदाच्या जिवंत पेशीच. शास्त्रज्ञांनी अलीकडे त्याच्या जनुकांचा माग काढला, तेव्हा असे दिसले की काही सहस्र वर्षांपूर्वी आशियात होऊन गेलेल्या एका कुत्र्याच्या देहात ते उपजले. तो कुत्रा केव्हाच मातीस मिळाला; त्याच्या पेशी मात्र जगभरच्या कुत्र्यांच्या अंगावर अजून जगत आहेत. आपल्या देशातील शहरांत, आणि त्यात चेन्नई आलीच, रस्त्यावरच्या कुत्र्यांत हा रोग पशुवैद्यांच्या नेहमीच्या पाहण्यातला आहे.

आणि त्यावरचे औषध? ते आपल्या अंगणातले आहे. सदाफुली ही मूळची मादागास्करची. आपल्याकडे ती देवपूजेला लागते, तमिळ लोक तिला नित्यकल्याणी म्हणतात. मधुमेहावर ती गुणकारी असल्याचा बोलबाला ऐकून कॅनडातील नोबल आणि बीअर या संशोधकांनी तिच्या पानांचा अर्क उंदरांना दिला. रक्तातली साखर काही उतरली नाही. पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने घटल्या. त्यातून १९५८ साली व्हिन्ब्लास्टिन पुढे आले, आणि पाठोपाठ अमेरिकेत व्हिन्क्रिस्टिन हे तिचेच भावंड हाती लागले. तमिळनाडूच्या दक्षिणेकडील कोरड्या जिल्ह्यांत औषधी कंपन्यांसाठी नित्यकल्याणीची शेती होते. कुत्र्यांच्या त्या संसर्गी अर्बुदावर व्हिन्क्रिस्टिनची आठवड्याला एक अशी काही इंजेक्शने दिली की बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. कर्करोगाच्या बाबतीत ‘पूर्ण बरी’ हे शब्द फार थोड्या ठिकाणी वापरता येतात. त्यांपैकी हे एक.

पण औषध गाठीपाशीच थांबत नाही, आणि आपल्या विषयाला येथेच प्रारंभ होतो. जलद वाढणाऱ्या पेशी मारणे हा या औषधांचा धर्म. आतड्याचे अस्तर तर अहोरात्र नवे होत असते. काही दिवसांत जुन्या पेशी झडून नव्या येतात. औषधाला शत्रू आणि मित्र यांतला भेद कळत नाही. मग उलट्या होतात, जुलाब होतात, भूक मरते. व्हिन्क्रिस्टिनने कधी कधी आतड्याची हालचालच मंदावते आणि बद्धकोष्ठ होतो. कुत्रा खात नाही म्हणून अशक्त होतो, आणि अशक्त झाला म्हणून औषधाची पुढची मात्रा लांबते. गाठ एकीकडे आणि पोट दुसरीकडे असे येथे राहतच नाही.

पोट बिघडण्याचे मूळ अन्नातही असू शकते, हे प्रयोगाने दाखविण्याचे मोठे काम निलगिरीच्या डोंगरात, कुन्नूरला झाले. तेथे १९०७ साली पाश्चर संस्था निघाली ती पिसाळलेल्या कुत्र्यांच्या चाव्यावर लस देण्यासाठी. त्याच संस्थेच्या खोल्यांत पहिल्या महायुद्धानंतर रॉबर्ट मॅकॅरिसन या लष्करी डॉक्टराने पोषणाचे प्रयोग मांडले. कुत्र्याच्या दातांमुळे उभी राहिलेली संस्था अन्नाच्या अभ्यासाचे माहेरघर व्हावी, हा योग मला मोठा गमतीचा वाटतो. मॅकॅरिसनने माकडांना जीवनसत्त्वहीन अन्नावर ठेवले आणि त्यांची जठरे व आतडी तपासली. अस्तर पातळ झालेले, जागोजागी दाह, कोठे रक्तस्राव. जंतू बाहेरून येण्याआधीच आतड्याची तटबंदी ढासळलेली असते, हे त्याने पाहिले.

पुढे त्याने उंदरांच्या निरनिराळ्या टोळ्यांना हिंदुस्थानातील निरनिराळ्या लोकांचा आहार दिला. शिखांच्या आहारावरचे उंदीर सर्वांत धष्टपुष्ट निघाले, त्यांच्यामागे पठाणांच्या आहारावरचे, आणि तिसरा क्रमांक मराठ्यांच्या आहाराचा लागला. आपल्या भाकरीला हे प्रशस्तिपत्र मिळाल्याचा आनंद मानण्यास हरकत नाही! शेवटचा क्रमांक होता मद्रासी आहाराचा. सडलेला, पांढराशुभ्र तांदूळ, त्यासोबत दूधदुभते आणि भाजीपाला बेताचाच. पोट भरते, पण देह भरत नाही, असा तो निष्कर्ष. १९३५ साली मॅकॅरिसन निवृत्त झाला. त्याची प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादला हलली, आणि त्या वेळी तिचे संचालक होते डॉ. व्ही. एन. पटवर्धन.

मॅकॅरिसनच्या कार्याची एक विटंबनाही झाली आणि ती सांगितलीच पाहिजे. तरुणपणी तो गिलगिटकडे होता. हुंझा खोऱ्यातल्या लोकांच्या उत्तम प्रकृतीचे त्याने कौतुक केले होते. त्या कौतुकावर पुढे इतरांनी इमले चढविले. हुंझात कर्करोगच नाही, तेथील लोक जर्दाळू खातात, तेव्हा जर्दाळूच्या बियांत कर्करोगावरचा उतारा आहे! या बियांतील द्रव्याची औषध म्हणून विक्री झाली, हजारो रोग्यांनी ते घेतले. १९८२ साली अमेरिकेतील रुग्णांवरील चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला आणि त्याचा काही उपयोग नाही हे ठरले. उलट त्यातून देहात सायनाइड तयार होते. आजही कर्करोगी कुत्र्यांसाठी या बिया सुचविणारे लोक भेटतात. अन्नाच्या शास्त्रातून अन्नाची अंधश्रद्धा कशी उपजते, त्याचे याहून ठळक उदाहरण मला ठाऊक नाही.

मजा अशी की माणसाच्या पोषणशास्त्राने कुत्र्याकडून घेतले पुष्कळ. मेलनबी यांनी मुडदुसाचे कारण शोधले ते कुत्र्याच्या पिल्लांवर. पेलाग्रा रोगावर निकोटिनिक आम्ल लागू पडेल हे १९३७ साली एल्व्हेजेम यांना कळले ते जीभ काळवंडलेल्या कुत्र्यांवरून. या ऋणाची फेड मात्र सावकाश झाली. आजारी कुत्र्यासाठी मुद्दाम अन्न शिजविण्याचा गाजलेला आरंभ १९३९ सालचा. अमेरिकेत एका अंध गृहस्थाची वाटाडी कुत्री, बडी, हिची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली, तेव्हा मार्क मॉरिस या पशुवैद्याने तिच्यासाठी पथ्याचे अन्न तयार केले. पथ्य हा शब्द कुत्र्याच्या बाबतीत तेव्हापासून गंभीरपणे उच्चारला जाऊ लागला.

कर्करोगाचे पथ्य त्याहून कठीण. १९२० नंतरच्या दशकात जर्मनीतील वारबुर्ग यांनी दाखविले की अर्बुदाच्या पेशी साखर अधाशासारखी जाळतात. यावरून पुष्कळांनी सोपा हिशेब मांडला : भात बंद करा, साखर तोडा, गाठ उपाशी मरेल. प्रत्यक्षात गाठ उपाशी मरत नाही. तिला लागेल ते ती देहाच्या स्नायूंतून काढून घेते, आणि उपाशी मरतो तो कुत्रा. अमेरिकेत ओगिल्व्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली लसीका-अर्बुदाच्या ३२ कुत्र्यांवरील चाचणी प्रसिद्ध केली. औषधोपचार सर्वांना सारखाच. काहींच्या अन्नात माशाचे तेल आणि आर्जिनिन अधिक. रोगाच्या एका विशिष्ट पायरीवरील कुत्री या अन्नावर अधिक काळ जगली असे आढळले. चाचणी लहान होती, आणि ते अन्न औषधाच्या सोबतीने होते, त्याच्या जागी नव्हते. तरीही अन्नाने काही फरक पडू शकतो याचा तो एक प्रामाणिक पुरावा आहे, आणि प्रामाणिक पुरावे या क्षेत्रात थोडे आहेत.

आता चेन्नईतल्या घरात येऊ. तेथील शाकाहारी घरांतील कुत्र्यांच्या दहीभाताची थट्टा बाहेरचे लोक करतात. तयिर सादम खाणारा राखणदार चोराला काय चावणार, असे म्हणतात. परंतु शास्त्र येथे त्या घरांच्या बाजूने थोडी साक्ष देते. २०१३ साली स्वीडनमधील संशोधकांनी लांडगा आणि कुत्रा यांच्या जनुकांची तुलना केली. पिष्ट पचविणाऱ्या रसाचे जनुक लांडग्यात दोनच प्रतींत असते; कुत्र्यात त्याच्या कितीतरी प्रती आढळल्या. शेतकऱ्याच्या दाराशी हजारो वर्षे राहून त्याचे पोट धान्याला सरावले. शिजवलेला मऊ भात कुत्र्याला पचतो. दुधापेक्षा दही त्याला बरे सोसते, कारण त्यातील जीवाणूंनी दुधातली शर्करा काही अंशी आधीच पचविलेली असते. उपचाराने पोट हुळहुळे झालेल्या कुत्र्याला दोन-चार दिवस असा मऊ भात म्हणजे आतड्याला विसावाच.

पण विसावा म्हणजे पोषण नव्हे, आणि कुन्नूरच्या उंदरांनी शिकविलेला धडा नेमका येथे आठवावा. निव्वळ पांढऱ्या भातावर माणूस भरत नाही, तर कुत्रा कसा भरेल? त्याला मांसपेशी टिकविण्यासाठी प्रथिने हवीत, आणि कर्करोगात ती अधिकच हवीत. भातात उकडलेले अंडे कुस्करावे, शिजवलेली कोंबडी हाडे काढून घालावी, किंवा आपण जिला तारली म्हणतो आणि तमिळ कोळी मत्ती म्हणतात ती स्वस्त मासळी नीट काटे काढून द्यावी. माशाच्या ज्या तेलाचे प्रयोग झाले, त्यातील गुणकारी स्निग्ध द्रव्य हिच्यात मुबलक असते. घरचे अन्न महिनोन्महिने चालवायचे असेल तर त्यात चुना आणि इतर क्षार किती घालायचे हे पशुवैद्याकडून ठरवून घेतलेच पाहिजे, कारण नुसत्या मांसभातात कॅल्शियमची उणीव राहते. कांदा आणि लसूण कुत्र्याचे रक्त बिघडवितात, द्राक्षे व मनुका मूत्रपिंडांवर घाला घालतात; आजाऱ्याला शिऱ्यातली मनुकासुद्धा प्रेमाने देऊ नये.

आतड्यातील जीवाणूंविषयी अलीकडे फार बोलले जाते. मेचनिकॉफ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दह्यातल्या जीवाणूंत दीर्घायुष्य पाहिले. ती कल्पना शंभर वर्षांनी नव्या वेषात परतली आहे. लसीका-अर्बुद झालेल्या कुत्र्यांच्या आतड्यातील जीवाणूंची घडण निरोगी कुत्र्यांहून निराळी असते, असे दिसून आले आहे. ही घडण रोगामुळे बदलते की तिच्या बदलण्याने रोगाला वाट मिळते, याचा निकाल लागलेला नाही. तोवर जीवाणूंच्या पुड्यांना जुलाबात काहीसा आधार यापेक्षा मोठे स्थान देऊ नये. एका गोष्टीविषयी मात्र शंका नाही. कच्चे मांस हेच कुत्र्याचे नैसर्गिक अन्न, असा एक पंथ हल्ली बोकाळला आहे. औषधाने पांढऱ्या पेशी खाली आलेल्या कुत्र्याला कच्चे मांस देणे म्हणजे साल्मोनेला जंतूंना आवतण देणे होय. निसर्गात अशा कुत्र्याचे काय होते ते रस्त्यावर दिसतेच.

रस्त्यावरच्या कुत्र्याला हे सारे कोण देणार, असे श्रोत्यांच्या मनात आले असेल. १९५९ साली मद्रासमध्ये कॅप्टन सुंदरम यांनी ब्लू क्रॉस ही संस्था सुरू केली. कुत्री पकडून मारणे हा नगरपालिकेचा जुना रिवाज. त्याऐवजी त्यांचे निर्बीजीकरण करावे असा आग्रह या संस्थेने १९६४ पासून धरला आणि महापालिकेने तो १९९६ मध्ये मान्य केला. हेतू होता संख्या आटोक्यात आणण्याचा आणि रेबीज रोखण्याचा. परंतु समागमातून पसरणाऱ्या त्या पुरातन अर्बुदाची वाटही त्यामुळे अरुंद होते, आणि कुत्रीला लहान वयातच निर्बीज केले तर पुढे स्तनांत गाठी होण्याचा संभव बराच घटतो. ज्या कुत्र्याच्या वाटीत कोणी काही घालणार नाही, त्याच्यासाठी हाच उपाय खरा.

घरच्या कुत्र्यासाठी आणखी दोन शब्द. त्याला दर आठवड्याला एकाच तराजूवर तोलावे. धन्याचे डोळे फसतात, विशेषतः केसाळ कुत्र्याच्या बाबतीत. काटा फसत नाही. पाठीच्या कण्यावरून हात फिरवून मांस किती उरले ते पाहावे. अन्न थोडे थोडे, दिवसातून चार वेळा, कोमट करून द्यावे, म्हणजे त्याचा वास उठतो. नाकाला रुचले तरच कुत्रा तोंड लावतो. मळमळत असताना बळेच भरवू नये, त्या अन्नाचा त्याला कायमचा वीट येतो. मळमळीवर औषधे आहेत, ती आधी द्यावीत. दोन दिवस काही न खाल्ले तर तिसऱ्याची वाट न पाहता वैद्याकडे न्यावे; नळीने अन्न देण्याची सोय असते आणि तिचा बाऊ करण्याचे कारण नाही.

आणि शेवटी असेही दिवस येतात की अंडे नको, मासा नको, कोंबडी नको. कुत्रा वाटी हुंगतो आणि मान फिरवितो. अशा वेळी वैद्य पथ्याचा कागद बाजूला ठेवतात आणि त्याला पूर्वी काय आवडत असे ते विचारतात. वेपेरीत आलेले माणूस बहुधा दहीभात असेच सांगते. मग तो द्यावा, हाताने द्यावा, आणि हवे तर त्यावर तुपाचे चार थेंबही सोडावेत.